अंगणात काय लावावं? ठाणे-नवी मुंबईच्या घरांसाठी झाडं, झुडपं आणि कंद कसे निवडावेत

बाग करायची म्हटली की आपल्याकडे बहुतेक जण आधी नर्सरी गाठतात. घोडबंदर रोडच्या कडेला मांडलेली फुललेली रोपं बघून चार-सहा पिशव्या गाडीत येतात आणि ती लावायची कुठे, याचा विचार घरी आल्यावर सुरू होतो. हा क्रम उलटा करा. आधी जागा, मग माती, आणि रोपाचं नाव सगळ्यात शेवटी. शोभेचं झाड फुलासाठी आणलं जातं हे खरं, पण फूल वर्षातून महिना-दीड महिना दिसतं. बाकीचे दहा-अकरा महिने ते झाड तुमच्या भिंतीशेजारी, पाइपलाइनवर, शेजाऱ्याच्या खिडकीसमोर उभं असतं. त्या महिन्यांचा विचार करून निवडलं तर ते पन्नास वर्षं साथ देतं.

आपल्या हवामानाची अट कडक आहे. ठाणे परिसरात वर्षाला साधारण २५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. उरलेले आठ महिने कोरडे. म्हणजे जुलैत मुळं पाण्यात आणि मे महिन्यात माती भाजलेली, या दोन्ही परीक्षा एकाच रोपाला द्यायच्या असतात. नर्सरीतला पुष्कळसा माल पुणे परिसरातून किंवा आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येतो. तिथे ते रोप छान वाढलेलं असतं, पण वाशीतला जुलै त्यानं पाहिलेला नसतो.

पायरी १: जागेचा नकाशा काढा

कागदावर अंगणाचा, टेरेसचा किंवा सोसायटीच्या मोकळ्या पट्ट्याचा साधा आराखडा काढा. कंपाउंड, जमिनीखालची पाण्याची टाकी, ड्रेनेजची चेंबरं, गॅसची आणि विजेची लाइन, वरून जाणाऱ्या तारा आणि पार्किंग हे सगळं त्यावर आलं पाहिजे. सोसायटी असेल तर कार्यालयात मंजूर नकाशाची प्रत असते, त्यावरून टाकी आणि लाइन नेमक्या कळतात. हा अर्ध्या तासाचा कंटाळा पुढे फुटलेल्या टाकीचा खर्च वाचवतो.

मग ऊन बघा. आपण सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे "उत्तरेची बाजू, ऊन येतच नाही" असं आपण ज्या भिंतीबद्दल म्हणतो, तिच्यावर मेमध्ये चांगलं कडक ऊन येतं आणि तिथे ठेवलेले फर्न करपतात. डिसेंबरात उलट घडतं. सूर्य दक्षिणेला इतका खाली असतो की भर दुपारीसुद्धा इमारतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ तिच्या उंचीइतकी लांब पडते. शेजारी वीस मजली टॉवर असेल तर तुमच्या बागेचा मोठा भाग हिवाळाभर सावलीत राहणार, हे धरून चाला. एका दिवसाच्या निरीक्षणावर विसंबू नका. शक्य असेल तर डिसेंबरात एकदा आणि मेमध्ये एकदा सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता कुठे ऊन आहे याच्या खुणा नकाशावर करा. सहा तासांपेक्षा जास्त ऊन असेल तर फुलझाडांना मोकळं रान. तीन ते पाच तास असेल तर निवडक झुडपं. त्याहून कमी असेल तर पानांच्या सौंदर्यावर भर द्या आणि फुलांचा हट्ट सोडा.

वाऱ्याची दिशाही लिहून ठेवा. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो. त्या बाजूला ठिसूळ लाकडाचं उंच झाड लावू नये, लावायचंच तर घरापासून लांब.

पायरी २: मातीला विचारा

ठाण्याच्या पश्चिमेला, येऊरच्या पायथ्याशी, वसंत विहारपासून घोडबंदरच्या वरच्या अंगाला बहुतेक ठिकाणी मुरमाड तांबूस माती आणि तिच्याखाली कातळ लागतो. पाणी झरझर उतरतं, पण खोली कमी. नवी मुंबईत चित्र वेगळं आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर वाशी, सानपाडा, नेरुळच्या खाडीकडच्या भागात खाजणावर, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाऱ्या दलदलीवर, भराव टाकून बरीचशी जमीन तयार केली गेली. वर मुरूम आणि राडारोडा, खाली चिकट, खारी खाडीची माती. भरतीच्या वेळी जोराचा पाऊस असेल तर अशा सखल भागात जमिनीतलं पाणी उतरतच नाही. खारघर आणि पारसिकच्या डोंगराकडचा भाग यापेक्षा ठाण्याच्या जास्त जवळचा.

नेमकं आपल्या अंगणात काय आहे हे कळण्यासाठी एक खड्डा पुरतो. एप्रिल-मेमध्ये दीड फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा खणा. खणताना काय निघतं ते नीट बघा. नेरुळ-सीवूड्सच्या रो-हाउसच्या अंगणात वरची सहा इंच लाल माती निघाली की लगेच विटांचे तुकडे, टाइल्सचे कपचे, घट्ट झालेल्या सिमेंटच्या ढेपा लागतात आणि त्याखाली करडी, बोटाला चिकटणारी माती. पहारीचा आवाजसुद्धा बदलतो. आता खड्डा पाण्यानं भरा, ते पूर्ण जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि काठी रोवून तासाभरानं पातळी मोजा. तासाला दोन-तीन इंच पाणी उतरलं तर निचरा उत्तम. एक इंचापेक्षा कमी उतरलं तर तिथे सोनचाफा, बहावा, पारिजातक जमिनीत सपाट लावायचे नाहीत. पाणी साचलं की या तिघांची मुळं कुजतात आणि बाहेरून हिरवंगार दिसणारं झाड ऑगस्टमध्ये अचानक मान टाकतं.

निचरा वाईट असेल तर उपाय उंचवट्याचा आहे. जमिनीच्या वर दीड ते दोन फूट उंच, पाच-सहा फूट रुंद असा मातीचा ढीग करून त्यावर झाड लावा. खोल खड्डा करून त्यात चांगली माती भरली तर चिकट जमिनीत तो खड्डा पाणी धरून ठेवतो आणि झाड त्यातच बुडतं.

खारेपणाची खूण म्हणजे फेब्रुवारीनंतर मातीवर येणारी पांढरट पापडी आणि पानांच्या करपलेल्या कडा. आपला पाऊस हे मीठ दरवर्षी धुऊन खाली नेतो, आणि हिवाळा संपला की उन्हानं पाणी उडून जाताना तेच मीठ पुन्हा वर चढतं. म्हणून खाऱ्या जमिनीत जानेवारी ते मे जमीन उघडी ठेवू नये, पालापाचोळ्याचा तीन-चार इंचांचा थर कायम हवा. शंका असेल तर माती तपासून घ्या. कोकण कृषी विद्यापीठाचं खारजमीन संशोधन केंद्र पनवेललाच आहे.

नव्या इमारतीभोवती आणखी एक त्रास असतो. प्लास्टर आणि सिमेंटचा चुरा मातीत मिसळून ती अल्कधर्मी होते. अनंत आणि एक्झोरा यांना आम्लधर्मी माती लागते. अशा ठिकाणी त्यांची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोह न मिळाल्याचं लक्षण आहे. शेणखत वाढवून ते जात नाही. मातीच बदलावी लागते किंवा ही दोन झाडं भिंतीपासून दूर, मोठ्या कुंडीत लावावी लागतात.

पायरी ३: झाड निवडताना आधी त्याचं पूर्ण वय बघा

एका छोट्या अंगणात एकच झाड नीट बसतं. ते ठरलं की बाकी बाग त्याच्याभोवती आपोआप आकार घेते, म्हणून इथे घाई करू नका.

अंतराचा माझा ठोकताळा असा. पंधरा-वीस फुटांपर्यंत वाढणारं छोटं झाड घराच्या भिंतीपासून आठ ते दहा फूट, मध्यम झाड पंधरा फूट, मोठं झाड पंचवीस फूट. जमिनीखालच्या टाकीपासून कोणतंही झाड दहा फुटांच्या आत नको. कंपाउंडला खेटून झाड लावलं तर पंधरा वर्षांत भिंत तडकते आणि शेजाऱ्यांशी संबंधही. ज्यांच्याकडे हे अंतर नाही त्यांनी मनाला समजावून झुडपांकडे वळावं.

छोट्या अंगणासाठी माझी पहिली पसंती पारिजातकाला, अर्थात निचरा चांगला असेल तर. दहा-बारा फुटांत राहतो, छाटणी सोसतो, पावसाळ्याच्या उत्तरार्धात फुलायला लागतो आणि पहाटे अंगणात सडा पडतो. त्याची पानं खरखरीत असतात आणि उन्हाळ्यात झाड थोडं भकास दिसतं, तेव्हा दारासमोरच्या अगदी मध्यभागी नको, जरा कडेला असावा. दुसरा पर्याय कलमी सोनचाफा. बीपासून वाढवलेला सोनचाफा पन्नास फुटांवर जातो आणि फुलायला अनेक वर्षं लावतो. कलम पहिल्या-दुसऱ्या वर्षातच फुलतं आणि आटोक्यात राहतं. तिसरा पांढरा चाफा. तो मूळचा अमेरिका खंडातला, पण आपल्या देवळांच्या अंगणात इतका रुजला आहे की परका वाटत नाही. उथळ मातीत, कमी पाण्यात, खाऱ्या वाऱ्यात टिकतो. पावसाळ्यात पानांच्या मागे नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा असतो. गळलेली पानं गोळा करून काढून टाकली तर पुढच्या वर्षी जोर कमी होतो.

अंजनीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण इतकं गुणी झाड बागांमध्ये जवळजवळ दिसतच नाही. माथेरानच्या रानात ती भरपूर आहे. सदाहरित, जाड चकचकीत पानांची, हळू वाढणारी. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिच्या जुन्या फांद्यांवर, थेट लाकडातून, निळ्या-जांभळ्या बारीक फुलांचे गुच्छ फुटतात आणि फांदी निळी मखमल गुंडाळल्यासारखी दिसते. अशा निळ्या रंगाचं फूल देणारी दुसरी झाडं आपल्याकडे फार थोडी. मुळं उपद्रव देत नाहीत, कात्री सोसते, अर्धवट सावलीतही जगते. रस्त्याकडेच्या नर्सरीत ती मिळणार नाही. देशी झाडांची रोपं करणाऱ्या रोपवाटिकेत आधी सांगून ठेवावी लागते. पाच-सात वर्षं धीर धरायची तयारी असेल तर लावाच.

जागा मध्यम असेल, म्हणजे बंगल्याचं आवार किंवा सोसायटीची मोकळी कोपऱ्याची जागा, तर ताम्हण आणि बहावा हे दोन मोठे मानकरी. ताम्हण आपलं राज्यपुष्प. ते मुळात ओढ्या-नदीकाठचं, त्यामुळे पावसाळ्यातलं ओल सोसतं आणि एप्रिल ते जून जांभळ्या फुलांनी लगडतं. बहाव्याचा पिवळा बहर त्याच सुमारास, पण त्याला उताराची, निचऱ्याची जागा हवी. म्हणून घोडबंदरच्या चढावर बहावा आणि वाशी-नेरुळच्या भरावावर ताम्हण, अशी माझी सरळ विभागणी आहे. दोन्ही पानझडीची आहेत, हे आधी घरच्यांना सांगून ठेवा. नाहीतर फेब्रुवारीत कोणीतरी "झाड वाळलं" म्हणून हळहळतं.

बारमाही सावली हवी असेल तर बकुळ. वाढ मंद, आकार गोल आणि दाट, फूल बारीक पण वाळल्यावरही सुगंध टिकणारं. खाऱ्या वाऱ्याला ती बऱ्यापैकी पुरून उरते. खाडीच्या अगदी जवळ, जिथे जमीनही खारी आहे, तिथे सोसायटीच्या मोठ्या आवारासाठी पारसपिंपळ, उंडी आणि करंज ही आपल्या किनाऱ्याची झाडं घ्या. पारसपिंपळाचं फूल सकाळी पिवळं उमलतं आणि मावळताना गडद तांबडं होतं. घराच्या चिंचोळ्या अंगणात मात्र ही तिन्ही मावत नाहीत.

सीताअशोक आणायला गेलात तर जपून. नर्सरीत "अशोक" मागितला की उंच, सरळसोट, लोंबत्या पानांचं आसुपालव हातात पडतं. सीताअशोकाचं खोड आडवं पसरतं, कोवळी पानं तांबूस आणि मऊ लोंबणारी असतात, आणि वसंतात नारिंगी-लाल फुलांचे गेंद खोडाफांद्यांवर येतात. त्याला दुपारची सावली आणि ओलावा लागतो. पूर्वेची बाजू किंवा मोठ्या झाडाचा आडोसा मिळाला तर तो खुलतो. पश्चिमेच्या उघड्या उन्हात पानं जळतात.

आता घराजवळ काय लावू नये ते. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेकडचा. दोन्ही झपाट्यानं वाढतात, उथळ मुळं पसरवतात आणि पावसाळ्यात त्यांच्या फांद्या गाड्यांवर, माणसांवर पडतात. मोठ्या मैदानाच्या कडेला त्यांची शोभा आहे, घराच्या अंगणात त्यांना जागा नाही. सोनमोहराचंही तेच. सप्तपर्णीचा उग्र वास ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री खिडकीतून आत येतो, दम्याच्या माणसाला फार त्रास होतो. कैलासपती पार्किंगवर नको, त्याची तोफगोळ्यासारखी जड फळं खाली येतात. आणि कोनोकार्पस कुठेच नको. पटकन हिरवी भिंत होते म्हणून नव्या संकुलांत तो रांगेनं लावतात, पण त्याची मुळं ड्रेनेज आणि पाण्याच्या पाइपांत शिरतात. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

पायरी ४: झुडपं, म्हणजे बागेचं रोजचं रूप

झाड वर असतं, कंद खाली असतात, पण डोळ्यासमोर कायम असतात ती झुडपं. इथे एकेक नमुना गोळा करण्यापेक्षा दोन-तीन जाती निवडून प्रत्येकाची तीन-पाच रोपं एकत्र लावा. बाग शांत दिसते आणि निगाही सोपी होते.

भरपूर ऊन असेल तर जास्वंद, एक्झोरा, बोगनवेल. जास्वंद घेताना साधी देशी लाल घ्या. मोठ्या रंगीत फुलांच्या संकरित जाती आपल्या पावसात लवकर थकतात. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येणारच. कोवळ्या शेंड्यावर कापसासारखं दिसलं की तो शेंडा कापून टाका आणि लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल व थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा. आठवड्यानं पुन्हा एकदा. बोगनवेलीला पाणी कमी पडलं की ती जास्त फुलते, म्हणून ठिबकच्या लाइनवर तिला जोडू नका.

ऊन अर्धवट असेल तर तगर आणि कुंती यांच्याइतकं भरवशाचं काही नाही. तगर जवळपास बाराही महिने काही ना काही फुललेली असते, पांढरं फूल संध्याकाळीही उठून दिसतं. कुंतीचं कुंपण दाट होतं, पावसाच्या सरी येऊन गेल्या की काही दिवसांत सगळं कुंपण एकदम फुलतं आणि गल्लीत वास जातो. ती लिंबाच्या कुळातली. कढीपत्ता आणि एखादं लिंबू यांच्या जोडीला लावली तर फुलपाखरांना अंडी घालायला जागा मिळते. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन हे याच कुळातल्या झाडांवर वाढतं. मात्र अळ्यांनी खाल्लेली पानं सहन करायची तयारी हवी. तिथे फवारणी केली तर फुलपाखरू येणार कुठून?

डोंगराकडच्या घरांना माझा आग्रह धायटी आणि मुरुडशेंगेचा आहे. दोन्ही सह्याद्रीच्या उतारावरची, मुरमात वाढणारी, एकदा रुजली की पाणी न मागणारी. धायटीची लाल नळीदार फुलं ऐन कोरड्या दिवसांत येतात आणि सूर्यपक्षी सकाळपासून तिच्यावर असतात. येऊरच्या हद्दीला लागून राहणाऱ्यांनी घाणेरी आणि जमिनीवर पसरणारं वेडेलिया लावू नये. दोन्ही कुंपण ओलांडून रानात घुसतात आणि तिथलं गवत-झुडूप दाबून टाकतात.

मोगऱ्यासाठी वेगळी जागा राखा, ऊन पूर्ण हवं. डिसेंबरअखेर-जानेवारीत कडक छाटणी करा, दोन-तीन आठवडे पाणी अगदी कमी करा, मग शेणखत घालून भरपूर पाणी द्या. फेब्रुवारी-मार्चपासून कळ्या धरतात. मोगरा फुलत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या घरी बहुधा ऊन कमी असतं किंवा छाटणी झालेलीच नसते.

कण्हेर खारी हवा, कोरडं हवामान, रस्त्याची धूळ सगळं सोसते. पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, आणि पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया तर फारच. घरात लहान मूल किंवा पानं चघळणारं कुत्रं असेल तर ही दोन्ही नकोत.

पायरी ५: कंद आणि बहुवर्षायू फुलझाडं

दरवर्षी झेंडू-पिटुनियाच्या हंगामी रोपांवर पैसे घालण्यापेक्षा कंदांवर एकदाच खर्च करा. हे कंद दरवर्षी स्वतःहून उगवतात आणि दोन-तीन वर्षांत वाढून शेजाऱ्यांना वाटण्याइतके होतात.

यांची गंमत अशी की प्रत्येकाची वेळ ठरलेली आहे. मेमध्ये उकाडा टिपेला असताना फुटबॉल लिलीचा लाल गोळा मातीतून थेट वर येतो, पानं मागाहून. पहिली जोरदार सर पडली की चार-पाच दिवसांत रेन लिली. जुलैपासून सोनटक्का, अर्धसावलीत, ओल्या जागी, जिथे दुसरं काही टिकत नाही तिथे. एसीच्या पाण्याचा पाइप जिथे सुटतो ती जागा सोनटक्क्याला आणि कर्दळीला द्या. कळलावी आपली रानातली वेल, श्रावणाच्या आसपास लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते. तिचा कंदही विषारी, त्यामुळे आल्या-हळदीच्या वाफ्याजवळ चुकूनही लावू नये. पाऊस सरला की कोरांटी, मग थंडीत कुंद.

पावसाळी कंद हिवाळ्यात झोपतात. पानं पिवळी पडून नाहीशी होतात आणि जागा रिकामी दिसते. माळीदादांना माहीत नसेल तर तेव्हाच तिथे कुदळ चालते. प्रत्येक कंदाजवळ बांबूची काडी रोवून ठेवा आणि रिकाम्या दिवसांत वर अबोली किंवा कोलिअस येईल अशी जोडणी करा. निशिगंधाला मात्र पूर्ण ऊन आणि उत्तम निचरा लागतो. तो सोनटक्क्याच्या शेजारी बसत नाही.

पोडियमवर बाग असेल तर

नव्या टॉवरमध्ये बाग पार्किंगच्या छतावर असते. तिथे पहिला प्रश्न वजनाचा. पाऊस मुरलेल्या मातीचा एक चौरस मीटर, ४५ सेंटिमीटर खोलीचा थर साधारण ७५० ते ८०० किलो भरतो. स्लॅब किती भारासाठी बांधला आहे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घेतल्याशिवाय माती वाढवू नका. मातीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) मिसळून वजन कमी करता येतं. दीड फूट मातीत तगर, कुंती, बुटका एक्झोरा, रेन लिली आणि पांढऱ्या चाफ्याची पुडिका ही झुडुपवजा जात नीट चालते. नारळ, ताम्हण, बहावा तिथे लावले की वॉटरप्रूफिंग आणि झाड, दोन्ही जातात. निचऱ्याच्या जाळ्या मेअखेर हातानं साफ करून घ्या.

पायरी ६: नर्सरीत रोप पारखताना

रोपवाटिकेत भाव पिशवीच्या मापावर चालतो, "आठ बाय दहा", "एकवीस बाय एकवीस" असं इंचात सांगतात. मोठी पिशवी म्हणजे चांगलं रोप असं नसतं. झाडाचं रोप चार-पाच फूट उंच, खोड अंगठ्याएवढं जाड आणि आधाराशिवाय उभं राहणारं असावं. पिशवीच्या खालच्या भोकांतून जाड मुळं बाहेर येऊन जमिनीत घुसली असतील तर ते रोप जास्त दिवस पडून आहे, आत मुळांचा वेढा बसला असणार. असा वेढा सोडवला नाही तर काही वर्षांनी तोच खोडाला आवळतो आणि मोठं झाड वादळात बुडापासून लोळतं. खोड हळूच हलवून बघा. रोप आणि माती एकत्र हलली पाहिजेत. खोड मातीत सैल फिरत असेल तर ते नुकतंच पिशवीत भरलेलं आहे.

कलम घेत असाल तर सांध्याची जागा शोधा, ती घट्ट भरलेली हवी आणि सांध्याखालून फुटलेला फुटवा नको. फुलांनी लगडलेलं रोप मोहात पाडतं, पण लागवडीला बिनफुलाचं, भरपूर पालवीचं रोप बरं.

पायरी ७: लावणी

खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या. झाडाला तीन फूट लांब-रुंद-खोल, झुडपाला दीड फूट. निचरा वाईट असेल तिथे मात्र खोल खड्ड्याऐवजी पायरी २ मधला उंचवटाच करा. राडारोडा निघेल तो परत टाकू नका. वरची माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून भरा आणि भराव जमिनीपेक्षा सहा इंच वर ठेवा. पहिल्या दोन पावसांत तो बसतो. लावणी मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर, जूनच्या उत्तरार्धात ते जुलैत. ऑगस्टअखेरनंतर झाडं लावली तर मुळं धरण्याआधीच ऑक्टोबरची उष्मा गाठते.

पिशवी बाजूनं कापून पूर्ण काढा आणि हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटू देऊ नका. गोल फिरलेली मुळं दिसली तर धारदार चाकूनं तीन-चार ठिकाणी उभा छेद द्या. खोड जिथे मुळांना मिळतं ती जागा मातीच्या पातळीलाच राहिली पाहिजे. खोडाभोवती मातीचा ढीग चढवला की साल कुजते. आधाराचा बांबू हुंडीत न खुपसता बाहेर, दोन बाजूंना रोवा आणि सुती पट्टीनं सैलसर बांधा, म्हणजे खोड वाऱ्यानं थोडं डोलेल आणि जाड होईल.

पायरी ८: पहिली दोन वर्षं, आणि कायदा

पहिल्या ऑक्टोबरपासून मेपर्यंत झाडाला आठवड्यातून दोनदा, दर वेळी पंधरा-वीस लिटर पाणी हळू जिरेल असं द्या. रोज थोडं थोडं शिंपडलं तर मुळं वरच राहतात. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा पुरतं. देशी झाडांना तिसऱ्या वर्षापासून बहुधा पाणी लागत नाही. मातीवरचा पाचोळा खोडापासून चार बोटं दूर ठेवा. दुसरा पावसाळा संपला की बांबू काढून टाका. कित्येक सोसायट्यांत सुतळी तशीच राहते आणि खोडात रुतून बसते.

छाटणीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. झाड तुमच्या खासगी जागेत असलं तरी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ त्याला लागू आहे. तोडायचं असो, हलवायचं असो वा मोठ्या फांद्या छाटायच्या असोत, महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्हीकडे उद्यान विभागाकडे अर्ज करता येतो. पाहणी व्हायला वेळ जातो, त्यामुळे पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीचा अर्ज मार्चमध्येच द्या. अर्जासोबत फांदी कुठे झुकली आहे याचे फोटो जोडा आणि छाटणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, म्हणजे शेंडा छाटून झाड बोडकं न करता नेमकी धोक्याची फांदीच उतरवली जाईल.